वैमानिकाचे बालपणीचे घर आणि स्थानमाहात्म्याचा प्रश्न

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनीआपोलिसपासून सुमारे 160 किलोमीटरवर, लिटल फॉल्स नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर चार्ल्स लिंडबर्गचे बालपणीचे घर आहे. 20 मे 1927 रोजी न्यूयॉर्कजवळून निघून साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरलेला, अटलांटिक महासागर एकट्याने आणि कुठेही न थांबता विमानातून ओलांडणारा पहिला माणूस म्हणजे हा लिंडबर्ग. मिनीआपोलिसहून सकाळी निघालेली माणसे हे घर पाहून संध्याकाळपर्यंत परत जाऊ शकतात. घराची व्यवस्था मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे.

ज्याच्यामुळे लिंडबर्ग जगाला माहीत झाला ते विमान मात्र या घरात नाही. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. लिटल फॉल्सला दिसते ते दीड मजली लाकडी घर, कुटुंबाचे फर्निचर, आणि मागच्या बाजूला नदीकडे तोंड असलेली जाळीची पडवी. लिंडबर्ग मुलगा असताना या पडवीत झोपत असे. मिनेसोटाच्या हाडे गोठवणाऱ्या हिवाळ्यातही त्याने ही सवय सोडली नाही. सोबतीला वागूश नावाचा कुत्रा असे. पाहण्यासारखे म्हणून जे आहे ते एवढेच. मग माणसे इतका प्रवास करून नेमके काय पाहायला जातात? थोर माणसाचे काही त्याच्या घरात उरते का? आणि उरत नसेल, तर अशा जागी मनात उमटणारा आदर हा भ्रम मानायचा का?

हा प्रश्न फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने एका संवादग्रंथाच्या सुरुवातीला इ.स.पू. 79 मधल्या अथेन्सचा प्रसंग रंगवला आहे. काही मित्र दुपारी फिरत फिरत प्लेटोच्या अकादमीच्या परिसरात येतात. त्या वेळी तिथे कोणी नाही, नुसती झाडे आहेत. त्यांच्यातला पिसो म्हणतो की, थोर माणसांची कृत्ये ऐकून किंवा त्यांचे लेखन वाचून मन जेवढे हलत नाही, तेवढे ते ज्या जागी वावरले ती जागा पाहून हलते. हे निसर्गाने दिलेले आहे की ही चूक आहे, कोण जाणे. शंकेसकट केलेले हे विधान आजही तसेच उभे आहे. स्थानाने मन हलते, हे मनाविषयीचे सत्य आहे. त्यावरून स्थानात काही आहे असे ठरत नाही.

बौद्ध परंपरेत महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या आयुष्याशी निगडित चार स्थाने श्रद्धावानाने पाहावीत असे सांगितले आहे: जन्माचे, संबोधीचे, पहिल्या उपदेशाचे आणि परिनिर्वाणाचे. तिथे जाण्याचा हेतूही दिलेला आहे. ती पाहून संवेग, म्हणजे अंतःकरणाला हलवून जागे करणारी भावना, उत्पन्न व्हावी. पुढे पूजनीय वस्तूंचे तीन प्रकार मानले गेले: शरीराचे अवशेष, वापरलेल्या वस्तू आणि आठवणीसाठी घडवलेली प्रतीके. दुसऱ्या प्रकाराला पारिभोगिक म्हणतात. भिक्षापात्र, चीवर आणि बोधिवृक्ष हे या वर्गातले. लिंडबर्गचे घर हे धर्माशी संबंध नसलेले पारिभोगिक स्मारकच आहे. वापर झाला, एवढ्यानेच त्या वस्तूला वेगळेपण आले.

पौराणिक परंपरेने या बाबतीत आणखी सावधपणा दाखवला आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडात भौम, म्हणजे जमिनीवरच्या, तीर्थांबरोबर मानस, म्हणजे मनातली, तीर्थे सांगितली आहेत. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया ही ती तीर्थे. तीर्थाच्या पाण्यात जन्मणारे आणि तिथेच मरणारे जलचर केवळ तेवढ्याने स्वर्गाला जात नाहीत, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. स्थानाचे माहात्म्य सांगायला बसलेल्या ग्रंथानेच स्थानाची मर्यादा इतक्या ठामपणे सांगावी, ही फार मोलाची गोष्ट आहे. जागेच्या पावित्र्यावर ज्याचा विश्वास आहे त्यानेही जागेवर सगळा भार टाकलेला नाही.

जन्मस्थान किंवा बालपणीचे घर आणि मृत्यूचे स्थान यांत मात्र मूळचाच फरक आहे. महाराष्ट्रात हा फरक सहज लक्षात येतो. ज्ञानेश्वरांचा जन्म आपेगावचा, पण वारकऱ्यांचे पाय वळतात ते आळंदीकडे, समाधीकडे. देहूला मोठी यात्रा भरते ती तुकाराम बीजेला, म्हणजे वैकुंठगमनाच्या दिवशी. समाधीशी पूर्ण झालेले आयुष्य असते. काय घडायचे ते घडून गेलेले असते, आणि नमस्कार कशाला करायचा याविषयी संदेह उरत नाही. बालपणीच्या घरापाशी यातले काहीच नसते. तिथे ज्या माणसाचा वास होता, त्याने अजून काहीही केलेले नव्हते.

वैमानिकांच्या बाबतीत हा भेद कधी कधी परिस्थितीनेच पुसला जातो. अमेलिया इअरहार्ट 2 जुलै 1937 रोजी प्रशांत महासागरावर नाहीशी झाली. तिला समाधी नाही. त्यामुळे कॅन्सस राज्यात ॲचिसन येथे मिसुरी नदीच्या वरच्या कड्यावर असलेले तिच्या आजी-आजोबांचे घर, जिथे ती 1897 मध्ये जन्मली आणि बालपणीची बरीच वर्षे राहिली, तेच तिच्या स्मरणाचे मुख्य ठिकाण झाले. आयुष्याचा शेवट जिथे दाखवता येत नाही, तिथे आरंभालाच शेवटाचेही काम करावे लागते. फ्रेंच वैमानिक-लेखक सेंतेक्झुपेरी 31 जुलै 1944 ला भूमध्य समुद्रावर असाच हरवला. त्याने तर वाळवंटात अडकलेल्या रात्री आपल्याला बालपणीच्या घराने कसा आधार दिला, ते लिहून ठेवले आहे. त्याच्या लेखी ते घर कुठेतरी आहे एवढे पुरेसे होते. तिथे जाण्याचीही गरज नव्हती.

स्थानमाहात्म्याच्या प्रश्नाची पहिली अडचण घराच्या ओळखीची आहे. ‘तेच घर’ म्हणजे कोणते? लिंडबर्गचा जन्म 4 फेब्रुवारी 1902 चा, तोही लिटल फॉल्सचा नव्हे, डेट्रॉइटचा. नदीकाठी वडिलांनी बांधलेले पहिले मोठे घर 1905 मध्ये आगीत जळाले. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याच पायावर आधीपेक्षा लहान घर उभे राहिले. वडील 1907 पासून दहा वर्षे अमेरिकेच्या काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सदस्य होते, त्यामुळे मुलाचे हिवाळे बहुधा वॉशिंग्टनला किंवा इतरत्र जात आणि उन्हाळे इथे. सलग मुक्काम घडला तो 1917 ते 1920 या काळात. पहिल्या महायुद्धामुळे शेतीला हात हवे होते म्हणून शाळेने त्याला सूट दिली आणि तो शेत सांभाळू लागला. बदकांसाठी त्याने 1919 मध्ये स्वतः काँक्रीट कालवून एक तळे केले. घरापेक्षाही हे तळे जास्त त्याचे म्हणावे लागेल, कारण ते दुसऱ्या कोणी त्याच्यासाठी बांधले नव्हते.

‘तेच’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुनाच आहे. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि या सर्वांपलीकडे रथ म्हणून वेगळे काही सापडतही नाही; रथ हा या भागांच्या आधाराने चालणारा व्यवहार आहे. ग्रीक परंपरेत प्लुटार्कने थेसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलण्याचा प्रश्न मांडला. सतराव्या शतकात हॉब्जने तो आणखी अवघड केला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? विमानविद्येच्या इतिहासात या प्रश्नाची दोन्ही टोके प्रत्यक्षात पाहायला मिळतात. राइट बंधूंचे ओहायोतल्या डेटनचे घर, ज्यात 1871 मध्ये ऑर्व्हिल जन्मला, ते हेन्री फोर्डने 1937 मध्ये मूळ जागेवरून उचलून मिशिगनमधल्या डिअरबॉर्न येथील आपल्या संग्रहालय-गावात नेऊन उभे केले. तिथे घर तेच आहे, पण भोवतालची गल्ली, शेजार आणि खिडकीतून दिसणारे जग दुसरे. लिटल फॉल्सला उलट आहे. घर एकदा जळले, नव्याने उभे राहिले आणि पुढे दुरुस्त झाले, पण नदी, काठ आणि पाया तेच आहेत.

यातले अस्सल कोणते, याला एकच उत्तर नाही. पण प्रश्न बालपणाचा असेल तर लिटल फॉल्सचे पारडे जड आहे. मूल घरात जेवढे राहते त्याहून जास्त घराच्या भोवती राहते. जिथे राइट मुले खेळली ती गल्ली डिअरबॉर्नला नेता आली नाही. नदी तर हलवणे शक्यच नव्हते, म्हणून ती उरली.

दुसरी अडचण भक्तीनेच निर्माण केली. पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर 21 मे 1927 च्या रात्री लाखाहून अधिक लोक जमले होते. विमान थांबताच गर्दी त्यावर तुटून पडली आणि अनेकांनी त्याच्या कापडी आवरणाचे तुकडे फाडून नेले. त्यानंतर लिटल फॉल्सच्या रिकाम्या घरावरही आठवण म्हणून काहीतरी नेणाऱ्यांची धाड पडली. तावदाने फुटली, वस्तू गेल्या. शेवटी 1931 मध्ये कुटुंबाने घर आणि भोवतालची जमीन राज्याला देऊन टाकली. तिथल्या उद्यानाला नाव दिले गेले ते वैमानिकाचे नव्हे, त्याच्या वडिलांचे.

अवशेषपूजेच्या इतिहासात हे नवीन नाही. पूज्य वस्तू आपल्याजवळ असावी ही ओढ आणि ती आहे तिथेच राहावी ही गरज, यांचा झगडा प्रत्येक धर्मात झालेला आहे. तुकडा खिशात घालणाऱ्याची समजूत अशी असते की, माहात्म्य द्रव्यात असते आणि द्रव्य वाटून घेता येते. ही समजूत खरी असती, तर तुकड्याने घराचे माहात्म्य घटायला हवे होते. तसे झाले नाही. तावदान बदलले तरी पडवी पडवीच राहिली. म्हणजे जागेला जे वेगळेपण आहे ते द्रव्यात नाही. जागेचा एका आयुष्याशी जो संबंध आहे त्यात आहे. आणि संबंध कोणाला उचलून नेता येत नाही.

तो संबंध कोणत्या प्रकारचा, हा या प्रश्नाचा गाभा आहे. लिंडबर्गने लिहून ठेवलेला एक प्रसंग इथे उपयोगी पडतो. लहानपणी तो या घराच्या वरच्या मजल्यावर खेळत होता. लांबून इंजिनाचा आवाज आला. तो मोटारीचा नाही हे त्याला कळले. तो खिडकीतून चढून छपरावर गेला आणि नदीच्या वरच्या अंगाला, झाडांच्या शेंड्यांमागून एक दुपंखी विमान जाताना त्याने पाहिले. पाहणाऱ्याला आज ते छप्पर दिसते, आणि मनात आपोआप वाक्य तयार होते: अटलांटिक ओलांडणाऱ्याने पहिले विमान येथून पाहिले.

अमेरिकन तत्त्वज्ञ आर्थर डांटो याने 1965 च्या आपल्या इतिहासमीमांसेच्या ग्रंथात अशा वाक्यांना कथनात्मक वाक्ये म्हटले आहे. त्यांत दोन काळ गुंतलेले असतात. वर्णन आधीच्या घटनेचे असते, पण ते खरे ठरते नंतरच्या घटनेमुळे. म्हणून घटना घडत असताना असे वाक्य कोणालाही उच्चारता येत नाही. छपरावर चढलेल्या मुलाला, खालून हाक मारणाऱ्या आईला किंवा विमानातल्या माणसाला ते वाक्य ठाऊक असणे अशक्य होते. मुलाने पाहिले ते फक्त विमान. त्या दुपारचे माहात्म्य 1927 मध्ये तयार झाले आणि तिथून मागे येऊन छपराला चिकटले.

इथे न्यायशास्त्राने केलेला एक भेद फार उपयोगी आहे. घडा तयार होतो तेव्हा कारण कोणाला म्हणायचे? माती, कुंभार, चाक, दंड यांना. पण ज्या गाढवाने माती वाहून आणली त्याला नैयायिक कारण मानत नाहीत. ते अन्यथासिद्ध आहे. त्या घड्याआधी ते तिथे होते खरे, पण घडा होण्यासाठी ते अटळ नव्हते, कारण माती दुसऱ्या मार्गानेही आली असती. त्याच यादीत कुंभाराचा बापही आहे. बापाशिवाय कुंभार झाला नसता हे कोणी नाकारत नाही. पण कुंभार घडा घडवतो तो कुंभार म्हणून, अमक्याचा मुलगा म्हणून नव्हे.

बालपणीचे घर पाहणारा बहुधा हाच भेद विसरतो. थंडीत पडवीत झोपण्याने चिकाटी आली, नदीने दूरची ओढ लावली, तळे बांधण्याने हात कसबी झाले, अशी साखळी तयार होते आणि ती पटते. पण मिसिसिपीच्या त्याच काठावर तशाच थंडीत आणखी कितीतरी मुले वाढली. ते विमान गेले तेव्हा इतरांनीही ते पाहिले असेल. घर हे आवश्यक होते असेही खात्रीने म्हणता येत नाही, पुरेसे तर ते मुळीच नव्हते. नैयायिकाच्या दृष्टीने ते गाढवाच्या जवळ जाते, मातीच्या नव्हे.

हा निष्कर्ष कोरडा वाटेल, पण लिंडबर्गच्या उत्तरायुष्याकडे पाहिले की तो किती आवश्यक आहे ते कळते. 1938 च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनला नाझी नेता गोअरिंग याच्या हातून त्याने नाझी जर्मनीचे पदक घेतले आणि नंतर टीका होऊनही ते परत केले नाही. 11 सप्टेंबर 1941 ला आयोवातल्या दे मॉइन येथील भाषणात अमेरिकेला युद्धात ओढणाऱ्यांमध्ये त्याने ब्रिटिश आणि रूझवेल्टचे सरकार यांच्याबरोबर ज्यूंचे नाव घेतले. युरोपातले ज्यू त्या वेळी मारले जात होते. हे भाषण त्याच्या नावावरचा कायमचा डाग आहे, आणि त्याला सौम्य करणारा कोणताही शब्द इथे योग्य नाही. त्याच माणसाने 1937 मध्ये पत्नी ॲनसह स्वतः विमान चालवत हिंदुस्थान गाठला होता आणि कलकत्त्यात रामकृष्ण परमहंसांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरलेल्या सर्वधर्म परिषदेला हजेरी लावली होती. सर्व धर्मांची माणसे एका मांडवात पाहणे आणि पुढच्याच वर्षी ते पदक स्वीकारणे, दोन्ही एकाच आयुष्यात मावले. नंतर पॅसिफिकमध्ये त्याने नागरिक म्हणून सुमारे पन्नास लढाऊ उड्डाणे केली, उतारवयात वन्यजीवांच्या रक्षणासाठी झटला, आणि जर्मनीत गुप्तपणे वेगळे संसारही केले. ते जगाला 2003 मध्ये कळले.

घराने अटलांटिक घडवला असे म्हणणाऱ्याला घराने दे मॉइनही घडवले असे म्हणावे लागेल. तसा प्रयत्न झालेलाही आहे. वडील पहिल्या महायुद्धाच्या विरोधात होते. 1918 मध्ये त्यांच्या युद्धविरोधी पुस्तकाचे छपाईचे ठसे सरकारी माणसांनी नष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या राज्यपालपदाच्या प्रचारात त्यांना जमावांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. सोळा वर्षांच्या मुलाने हे जवळून पाहिले. यावरून मुलाचा युद्धविरोध थोडा समजतो. ज्यूंविषयीचे ते वाक्य मात्र यातून निघत नाही. ते त्याने स्वतः निवडले. कुंभाराचा बाप इथेही अन्यथासिद्धच ठरतो, आणि ते त्या बापावर उपकार म्हणून नव्हे, न्याय म्हणून.

मग घर पाहण्यात अर्थ काय उरतो? समाधीपाशी जो अर्थ असतो त्याहून वेगळा, आणि कमी मोलाचा नव्हे. कर्माचा विचार करताना भारतीय दर्शने संचित आणि क्रियमाण असा फरक करतात. मागून आलेला साठा एक, आणि माणूस आत्ता करतो ते दुसरे. बालपणीचे घर हे क्रियमाणाच्या उंबरठ्यावरचे स्थान आहे. इथे राहणाऱ्या मुलापुढे अटलांटिकही होता आणि दे मॉइनही होते, आणि दोन्हींतले काहीही ठरलेले नव्हते. पुढचे सगळे माहीत असलेला पाहुणा त्या न ठरलेल्या काळाच्या जवळ उभा राहतो. संवेग उत्पन्न व्हावा तो यासाठी. तेज किंवा कलंक भिंतींत शोधणारा दोन्हीकडे चुकतो, कारण भिंतींना दोन्हींची खबर नव्हती.

स्वतः लिंडबर्गने या घराशी जो व्यवहार केला तो याच्याशी जुळणारा आहे. साठच्या दशकापासून तो जीर्णोद्धाराच्या कामासाठी लिटल फॉल्सला येऊ लागला. कोणती वस्तू कुठे होती, कशासाठी वापरत, हे तो सांगे. मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीला त्याने बालपणाविषयी सविस्तर पत्र लिहिले. ते 1972 मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. त्या पत्रात शेत आहे, गुरे आहेत, चुली, बंदुका, नदी आणि ओंडके आहेत. आपल्या थोरपणाची पूर्वचिन्हे त्यात त्याने शोधलेली नाहीत. ज्याने अटलांटिकवरच्या उड्डाणात, झोपेच्या कडेवर असताना, विमानात आपल्या मागे अशरीरी सोबती दाटल्याचा अनुभव घेतला आणि तो सविस्तर छापायला 1953 साल उजाडू दिले, त्याला गूढाचे वावडे नव्हते. तरीही घराबाबत त्याने फक्त तपशील बरोबर असावा एवढा आग्रह धरला. 26 ऑगस्ट 1974 ला तो हवाई बेटांतल्या माऊई येथे वारला. तिथे त्याची कबर आहे, आणि ती कशी असावी हेही त्यानेच ठरवले होते.

त्याच्या हयातीतच, 1973 मध्ये, लिटल फॉल्सला प्रदर्शनाची वेगळी इमारत उभी राहिली. लिंडबर्गचे उड्डाण आणि सार्वजनिक जीवन तिथे मांडलेले आहे, घर त्यापासून सुटे आहे. ही विभागणी सोयीसाठी झाली असली तरी विचाराच्या दृष्टीने ती योग्य आहे. प्रदर्शन आधी पाहिले तर घर हे पुढच्या आयुष्याचे नुसते चित्र होऊन बसते. पडवी म्हणजे चिकाटी आणि छप्पर म्हणजे आकाश अशी समीकरणे तयार असतात. घर आधी पाहिले तर ते घर म्हणून दिसते, एका मुलाचे, ज्याचे पुढे काय झाले ते अजून वाचायचे आहे. एका दिवसाच्या फेरीत दोन्ही होते. क्रम मात्र हाच असावा.